आकाशातले तीन डाग

१८ जानेवारी

नाही गेले. कॅमेऱ्यात रबरी फुग्यानं हवा मारून मारून अंगठा दुखायला लागला, तरी तिन्ही डाग जागच्या जागी!

पांढरी चादर दोरीवर टांगली, भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं आणि फोटो काढून कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. वर डाव्या कोपऱ्यात एक, त्याच्या खाली दोन. नुसत्या डोळ्यांनी आत बघितलं तर काच लख्ख दिसते. फोटोत मात्र दिसतात — राखेचे ठिपके असावेत तसे.

हरमत्तान वाऱ्याची धूळ महिनाभर सगळीकडे आहे. ताटात, पाण्यात, उशीवर, दातांत. पण हे डाग यंदाचे नाहीत. गेल्या वर्षीच्या वाऱ्यात, एका मयताच्या मोठ्या जेवणाला, उघड्या मैदानात भिंग बदललं होतं, तेव्हाचे. चिकट आहेत. नुसत्या हवेनं निघणार नाहीत हे मला आधीच माहीत होतं. तरी हवा मारत बसले.

आत्तापर्यंत त्यांचं काही वाटत नव्हतं. फोटोत आकाश आलंच तर कॉम्प्युटरवर पुसायचे, घाई असली तर तेही नाही. गिऱ्हाईक स्वतःचा चेहरा बघतं. आकाश कोण बघतंय?

आता सगळं गाव आकाशच बघतंय.

लिहून काढते, बोलायला कुणी नाही. मान्सा गेली त्याला आता दीड आठवडा होईल. दुफियेमावशीची धाकटी, चौदा वर्षांची. आईच्या केंकेसाठी, मक्याचे उकडलेले गोळे बांधायला, केळीची पानं तोडायला सकाळी नदीकडे गेली आणि खड्ड्यात पडली. सोन्यासाठी खणून तसाच सोडलेला खड्डा, पाण्यानं भरलेला, वरून साधं डबकं वाटावं असा. खाणीचा मालक अदुसेई म्हणतो, "तो फार जुना खड्डा आहे. माझं मशीन नदीच्या या काठाला कधी आलंच नाही."

आलं होतं. माझ्याकडे फोटो आहे.

ख्रिसमसच्या आधी लांबचं भिंग तपासायला शाळेमागच्या टेकडीवर गेले होते. फोनला रेंज मिळते म्हणून तिथं सगळं गावच चढतं. नदी, मोठं सावरीचं झाड आणि झाडाखाली पिवळं मशीन — दात मातीत रुतवून. वर रिकामं पांढुरकं आकाश. मान्साला पुरल्यावर दोन दिवस मी तो फोटो नुसता बघत बसले. मग नवीन सिमकार्ड घेतलं आणि जिल्ह्याच्या रेडिओवाल्यांना पाठवून दिला. नाव दिलं नाही. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येकाच्या फोनवर होता.

सिमकार्ड मोडून संडासात टाकलं. आकाशाचं माझ्या लक्षातच आलं नाही.

१९ जानेवारी

पोमाचं शिवणाचं दुकान माझ्या समोरच. दुपारी हाक मारली तिनं. "क्येरे, जरा इकडे ये गं. हे बघ."

हातात फोन. तोच फोटो. दोन बोटांनी तिनं आकाश मोठं केलं.

"काय बघू?"

"ह्यात कुणी चूल मांडलीय बघ. तीन दगडांची."

मी म्हटलं, "फोनची काच पूस."

"पुसली. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा अशीच आहे की. तुला म्हटलंही होतं मी तेव्हा, आमचा संसार इथं मांडायच्या आधी देवानं वर मांडलाय. आठवतं?"

मी हसले. हसणं नीट जमलं नाही. पोमा माझ्याकडे बघत राहिली. मग फोन उलटा ठेवला आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेलाच होता.

माझी सगळ्यात जुनी मैत्रीण आहे. सांगायची नाही कुणाला. पण डोळे तिला एकटीलाच आहेत का? गावात कॅमेरे तीन. बाकीच्या दोघांच्या फोटोत चूल नाही.

किती घरांत टांगलेत माझे फोटो! लग्नं, बारशी, चर्चचे वाढदिवस. मैदानात, अंगणात, उन्हात. प्रत्येकाच्या डोक्यावर तेच तीन दगड.

२० जानेवारी

वीज नाही. बॅटरी निम्मी. निम्म्या बॅटरीवर कॅमेरा उघडून आत हात घालायचा नसतो — मध्येच जीव गेला तर आरसा खाली आपटतो. उद्या.

२१ जानेवारी

आजही वीज नाही. बसस्टँडवर जाऊन कुमासीच्या ड्रायव्हरला सांगून आले — तिथल्या दुकानातून काच पुसायच्या काड्या आणि द्रव आण. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. तो म्हणाला, "औषध आहे का ताई?" मी हो म्हटलं.

माझा नवरा ओफोरी जेवत नाही. फुफूचा गोळा बोटांनी दाबत बसतो आणि ताट सरकवतो. पूर्वी कामावर जाताना रोज दुफियेमावशीकडून केंके घ्यायचा, दोन घ्यायचा, एक वाटेत खायचा. आता मागच्या गल्लीनं जातो.

हे मी अजून कागदावरही लिहिलं नव्हतं. अदुसेईचं मशीन माझा नवरा चालवतो. त्या फोटोत मशीनच्या पायरीवर माणूस उभा आहे. तोंड इकडे नाही, पण लाल शर्ट आहे आणि खांद्यावर मी लावलेलं निळं ठिगळ आहे. मोठा केला की ठिगळाचे टाकेही मोजता येतील. कुणाला नाही तरी गावातल्या बायकांना येतील.

रेडिओवाल्यांना पाठवताना मी ती बाजू कापली. मशीन ठेवलं, झाड ठेवलं, आकाश ठेवलं. माणूस कापला.

आता अदुसेई चौकात उभा राहून तेच विचारतो. "फोटो खरा असेल तर एका बाजूनं कापलेला का? कॉम्प्युटरवर बनवलाय. ज्यानं काढलाय त्यानं अख्खा घेऊन यावं." आणि जिल्ह्याहून चौकशीला बाई यायच्यात, लाम्पतेबाई म्हणून. त्यासुद्धा हेच विचारतील.

डागांवरून माझ्यापर्यंत. माझ्याकडून अख्ख्या फोटोपर्यंत. अख्ख्या फोटोतून ओफोरीपर्यंत. डोळे मिटले की हीच वाट दिसते, आणि प्रत्येक वेळी तिच्यावरून कुणीतरी चालत येत असतं.

खड्डा त्यानं खणला, पण बुजवायचं त्याच्या हातात कुठं होतं?

हे खरंच असं आहे की मला असं हवंय?

२२ जानेवारी

काड्या आल्या. वीज सकाळीच आली होती, बॅटरी भरली. ओफोरी कामावर गेल्यावर दुकान बंद केलं.

न्हाणीघरात केलं. घरात तेवढीच एक जागा जिथं धूळ पाण्यानं बसवता येते. भिंती धुतल्या, जमीन धुतली, बादल्या ओतल्या आणि धूळ खाली बसेपर्यंत बाहेर थांबले. डोक्याला ओला रुमाल. अंगावर फक्त परकर, कारण ब्लाउजचे धागे उडतात. बुटक्या स्टुलावर बसून मांडीवर कॅमेरा. देवाला कुणी या वेषात भेटलं नसेल.

कॅमेऱ्याला सांगितलं की आरसा वर धर. खट्‌. आत ती काच, अंगठ्याच्या दुप्पट. निळसर-हिरवट झाक. केवढीशी, आणि सगळं तीच बघते. फोटोत वर असलेला डाग काचेवर खाली असतो, हे व्हिडिओत ऐकलं होतं. म्हणजे माझे तिघे खालच्या कडेला.

काडीच्या टोकाला दोन थेंब. एका कडेनं ठेवायची, हलकेच, दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात ओढायची. उलटून परत. मग फेकायची. दुसऱ्यांदा लावायची नाही.

दारावर थाप. "क्येरे, आत आहेस?"

ओफोरी! या वेळेला?

"अंघोळ करतेय."

"मग पाण्याचा आवाज कसा नाही?"

डाव्या हातानं तांब्या घेऊन भिंतीवर पाणी फेकलं. उजव्या हातात काडी, काडी काचेवर. मेले असते.

"लवकर आलास?"

"मशीन बंद ठेवायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत." मग आवाज खाली आणून, "क्येरे, बॉसला कुणीतरी आकाशाचं सांगितलंय."

"कसल्या आकाशाचं?"

चपलांचा आवाज आला, अंगणात गेला.

चादरीचा फोटो घेतला. एक डाग गेला होता. उरलेले दोन पसरले होते, आणि मधोमध मोठा अर्धगोल — पाण्याचा वाळलेला डाग की ओरखडा, सांगता येत नाही. ओरखडा असेल तर कॅमेरा गेला. दुकान गेलं.

रात्री जेवण मलाही गेलं नाही. दोघंही ताटाकडे बघत बसलो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, भांडण झालंय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी

अदुसेई दुकानात आला. स्वतः. एकटा.

पांढरा झगा, हातात रुमाल, दर मिनिटाला तोंड पुसतो. खुर्चीवर बसला नाही. भिंतीवरचे फोटो बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. दुकानात सगळे आतले फोटो आहेत — पडद्यासमोरचे, दिव्यात काढलेले. त्यात आकाश नाही. मी मनातल्या मनात एकेक तपासत होते तरीही.

"मॅडम फोटो, परवा माझ्या आईचा ऐंशीवा वाढदिवस. आधी चर्च, मग अंगणात जेवण. फोटो तुम्हीच काढायचे."

"परवा जरा —"

"अंगणातले जास्त काढा. आईला मोकळ्यावर आवडतं. वर आकाश वगैरे."

'वगैरे' असं म्हणाला आणि हसला. हसताना डोळे पुसले रुमालानं.

"बरं साहेब."

"ओफोरी कसाय? माझा चांगला माणूस. मशीन दुसऱ्या कुणाच्या हाती मी देत नाही. तिथं काय झालं, कसं झालं, सगळं त्याच्याच हातचं." दारात थांबला. "म्हणजे कौतुकानं म्हणतो."

गेल्यावर मी दार लावून घेतलं. पोमा समोरून बघत होती. खुणेनं विचारलं, काय? मी खुणेनं सांगितलं, वाढदिवस. तिनं कपाळाला हात लावला.

२४ जानेवारी

आज पुन्हा न्हाणीघर. ओफोरी लाकडं आणायला गेला होता.

ह्या वेळी एकच थेंब. काडी जास्त उभी धरली होती त्या दिवशी, आज आडवी. श्वास रोखून नाही, सोडत सोडत ओढली. उलटून परत. फेकली. दुसरी, कोरडी. फोटो. अर्धगोल गेला — ओरखडा नव्हता! तिथंच ओल्या जमिनीवर बसले. पण एक डाग राहिला होता, सगळ्यात खालचा, हट्टी. तिसरी काडी फक्त त्याच्यासाठी. तीनदा चादर, तीनदा फोटो.

गेला.

चादरीचा फोटो कॉम्प्युटरवर लावून बसले. रंग काळा-पांढरा केला, उजेड ओढला, टोकापासून टोकापर्यंत शोधलं. काही नाही. कोरं. ह्या कॅमेऱ्यातून इतकं स्वच्छ मी गेल्या हरमत्तानपासून बघितलं नव्हतं.

मोकळं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग त्याच कोऱ्या पांढऱ्याकडे बघताना दुफियेमावशीची आठवण आली. मुलीला बाहेर काढल्यावर ती तिचे पाय पुसत होती पदरानं. नुसते पाय. सांगणारे सांगत होते, मावशी राहू द्या, धुणारच आहोत. ती पुसतच होती.

२५ जानेवारी

वाढदिवस झाला. म्हातारीला सोनेरी वस्त्र नेसवलं होतं, खुर्चीत बुडाली होती. मला म्हणाली, "पोरी, मला हाडकुळी दाखवू नकोस." मी म्हटलं, नाही दाखवणार आजी. तिचा काही दोष नाही. अंगणात घेतले, झाडाखाली घेतले, मुद्दाम खाली वाकून वर आकाश येईल असे घेतले.

जेवणं चालू असतानाच अदुसेईनं मला आत बोलावलं. टेबलावर त्याचा कॉम्प्युटर. "दाखवा बघू." कार्ड घातलं. एकेक फोटो. चेहरे बघितलेच नाहीत त्यानं. आईचासुद्धा नाही. प्रत्येकात वरचा डावा कोपरा मोठा करायचा, पुढे. मोठा करायचा, पुढे.

मी त्याच्यासमोर उभी. त्याच्या मागे भिंतीवर मोठी चौकट — गेल्या ईस्टरला मीच काढलेला, त्याचं सगळं कुटुंब, मागे आकाश. आणि आकाशात तीन दगड. मान जरा वळवली असती तरी दिसलं असतं. माझी नजर तिकडे जायची, मी ओढून आणायची, परत जायची.

शेवटी कॉम्प्युटर मिटला.

"कॅमेरा साफ केलात वाटतं."

मी कार्डासाठी हात पुढे केला.

"ह्या धुळीत इतकं स्वच्छ आकाश माझ्या जन्मात पाहिलं नाही. चांगलं केलंत. जुनं काही पडून असेल तेही साफ करा. घर कसं स्वच्छ असावं. नाहीतर धूळ बसते ती घरच्याच माणसाच्या अंगावर."

म्हणजे साफ केल्यामुळेच कळलं त्याला. इतका जीव आटवला त्याचं हे झालं.

कार्ड हातात दिलं. जेवून जा म्हणाला. मी जेवले. भात, मटण, सगळं. तिथून पळून गेले असं कुणी म्हणू नये म्हणून जेवले.

२६ जानेवारी

ओफोरीला सांगायला हवं. सकाळी सांगणार होते. दुपारी सांगणार होते.

२७ जानेवारी

दुफियेमावशी आली.

दार उघडं होतं, तरी बाहेर उभी राहून खोकली. आत ये म्हटलं तर आली, स्टुलावर बसली, पदराच्या गाठीतून फोटो काढला. मान्साचा. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली होती, मैदानात मीच काढला होता. गळ्यात रिबन, नाकावर घाम.

"चाळीसाव्या दिवसाला मोठा करून हवा. चौकटीत."

"देते मावशी. पैसे नको."

"पैशाचं नंतर बघू."

मी फोटो हातात घेतला आणि तेव्हा बघितलं. मान्साच्या डोक्यावर. तिन्ही.

"हे डाग — मोठं करताना काढून टाकते मी."

"राहू दे."

"मोठ्यात फार दिसतील."

"दिसू देत." आवाज अगदी साधा. केंके दोन देऊ की तीन, असं विचारल्यासारखा. "क्येरेवा, मला वाचता येत नाही. पण रोज सकाळी शंभर केंके बांधते मी. कुठलं पान कुठल्या झाडाचं, ते मला कळतं. हा फोटो माझ्या उशाशी असतो. फोनवरचा आला त्या दिवशीच मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मी. कुणीच रडलं नाही.

"त्या दिवसापासून कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तू पाठवलास, नसता पाठवलास तर मला काय कळणार होतं? पण ती चौकशीची बाई शुक्रवारी येतेय शाळेत. मला विचारेल, तुमच्याकडे काय आहे. मी काय सांगू? अर्धा फोटो?"

"मावशी, त्या दुसऱ्या अर्ध्यात —"

"मला माहितीये कोण आहे." उठली. पदर झटकला. "गावात मशीन चालवता किती जणांना येतं? तो माझ्या दारावरून जायचा बंद झाला, तेव्हाच कळलं मला. मला त्याच्यावर राग धरायचाय, पण तो समोर तरी येऊ दे ना."

गेली. फोटो टेबलावर. मी दुकान उघडं टाकून मागच्या दारात जाऊन बसले. पोमानं येऊन गिऱ्हाईक परत पाठवलं. बराच वेळ शेजारी बसून राहिली, मग म्हणाली, "आत ये, धूळ खातेयस."

२८ जानेवारी

आज केलं ते लिहिते आहे, कारण न लिहिता झोप येणार नाही. लिहूनही येणार नाही.

दुपारी अख्खा फोटो उघडला. नुसता बघायला, असं स्वतःला सांगितलं. लाल शर्ट, निळं ठिगळ. त्याचा एक हात दांडीवर, दुसऱ्या हातानं डोळ्यांवर ऊन अडवलेलं, नदीकडे बघतोय. कामाच्या मध्ये माणूस क्षणभर थांबतो तसा. छान आला आहे खरं तर. त्याचे इतके छान फोटो माझ्याकडे थोडेच आहेत.

मागून आवाज आला. "तो मी आहे."

कधी आला कळलंच नाही.

"हो."

"तू काढलास."

"हो."

"आणि पाठवलास तूच."

"तुला कापून पाठवला."

खुर्ची ओढून बसला. पडद्याकडे बघत बोलायला लागला, माझ्याकडे नाही. "मी दोनदा म्हटलं होतं बॉसला, हे बुजवू या, बायका इथं पानं तोडायला येतात. तो म्हणाला, ख्रिसमस झाल्यावर बुजवू, डिझेल काय झाडाला लागतं का? तिसऱ्यांदा नाही म्हटलं मी. चार फांद्या तोडून कडेला लावल्या. खूण म्हणून." पडद्यावर बोटानं काठ दाखवला. "वाऱ्यानं उडाल्या असतील."

मी त्याचा हात धरला. हात गार होता, ह्या उन्हात.

"बॉस मला सांगतोय, जुना फोटो सापडला तर सगळं तुझ्यावर येईल. मी म्हणेन, ओफोरीनं माझ्या नकळत खणलं, डिझेल चोरलं. असं म्हणाला तो. हसत म्हणाला." मग म्हणाला, "पुसून टाक, क्येरे."

"मावशीला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. पुसून टाक. आत्ता, माझ्यादेखत."

मी पुसला. कॉम्प्युटरमधून, डिस्कमधून, मग कार्ड कोरं केलं. कॅमेरा विचारतो, नक्की का? नक्की. मी पोटातून नाही म्हणत होते आणि बोट हो म्हणत होतं.

तो म्हणाला, "आता जेवीन मी." ताट वाढलं. दोन घास खाल्ले आणि अंगणात जाऊन ओकला.

आता कुणाकडेच काही नाही. कॅमेरा स्वच्छ, कार्ड स्वच्छ. मान्साचा मोठा फोटो आज छापला. त्यातले डाग मी पुसले नाहीत, आणि आता त्यांचा कुणाला काही उपयोगही नाही. पुराव्याला अख्खा फोटो लागतो, तो मी माझ्या हातानं नाहीसा केला.

२९ जानेवारी

संध्याकाळी ओफोरीनं स्वतःचे बूट धुतले.

३० जानेवारी

मी चौकशीला गेले नाही. दुकानात बसून पासपोर्टचे फोटो कापत होते, पोमा शाळेतून धावत आली, टेप गळ्यात तसाच. दम लागलेला. अदुसेई बोलून खाली बसला होता, म्हणे, आणि लाम्पतेबाई विचारत होत्या की अख्खा फोटो कुणी आणलाय का. तेव्हा मागून ओफोरी उठला. त्याचं नाव कुणी घेतलंही नव्हतं. "फोटो आता नाही. मीच पुसायला लावला. पण फोटो कशाला हवा? खड्डा मी खणलाय. कुणाच्या हुकमावरून तेही सांगतो. चला, दाखवतो." सगळे नदीकडे निघालेत. पुढे ओफोरी आहे आणि त्याच्या शेजारी, पोमा सांगते, दुफियेमावशी चालतेय.

मीही जाते.